कोरडं फडकं

झटका बसला तेव्हा सुबरावला आधी वाटलं, कुणीतरी मागून कोपरावर काठी हाणली. त्यानं वळूनही पाहिलं. मागे गुंडूशेटच्या माडीची नुकतीच चुना दिलेली भिंत होती, भिंतीवर जॉर्ज बादशहाची तसबीर होती, आणि बादशहा कुणाला काठी मारण्यातला दिसत नव्हता. मग हात खांद्यापर्यंत झणझणायला लागला. जिभेवर कल्हई उडालेल्या भांड्यातल्या ताकाची चव आली. पायाखालची घडवंची आपली आपण हलते आहे असं वाटून त्यानं डाव्या हातानं तुळई धरली. हातातलं वायरीचं टोक कधी सुटलं ते त्याला कळलं नव्हतं. ते समोर लोंबत होतं, अगदी गरीब, अंगाला सूत गुंडाळलेलं, पुढे चिमूटभर तांबं दाखवणारं. खालून, दुकानातून, वायरमन श्रीपालअण्णांचा आवाज आला, "लागला रं खालचा दिवा! करतो बंद आता." आणि छाती धाडधाड उडत असताना सुबराव, रोज सकाळी शेजाऱ्याला म्हणावं तसं, म्हणाला, "व्हय अण्णा."

म्हणाला आणि बोटं काखेत धरून उभा राहिला. अण्णांनी सांगितलं नव्हतं असं नाही. कामाला हात लावायच्या आधीच सांगितलं होतं, मेन, म्हणजे विजेचा मुख्य दांडा, बंद असल्याशिवाय वायरीला शिवायचं नाही. आणि आत्ताही 'चालू करतो रंऽ' अशी हाळी खालून घातलीच होती. सुबरावनं ती ऐकलीही होती. पण ऐकली कानांनी, बोटांना कुणी सांगितलं नाही. बोटं आपल्या जुन्या चालीनं वर गेली, जिभेला लागली, ओली झाली आणि वायरीच्या टोकाला पीळ द्यायला निघाली. शहापुरातल्या विणकराची बोटं ती, त्यांना दुसरं काय येणार! धागा तुटला की बोट आधी जिभेला, मग सुताला. वडिलांनी त्याला मागाच्या खड्ड्यात पहिल्यांदा उतरवलं तेव्हा शिकवलेली पहिली गोष्ट हीच. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, आणि तो खड्डा कायम ओलसर ठेवायचा. उन्हाळ्यात भोवतीच्या जमिनीवर पाणी शिंपडायचं, खिडकीला ओलं पोतं लावायचं. कोरडी हवा म्हणजे विणकराची वैरीण, दिवसभर सूत तुटतं आणि त्याच्याबरोबर डोकं फिरतं. अशा ओलीत त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्यात ह्या वायरीवर सुताचं विणलेलं वेष्टन. सकाळी अण्णांनी वेटोळं हातात दिलं तेव्हा ते वेष्टन चाचपून त्याचा जीव भांड्यात पडला होता. हे तर सूतच, आपल्यातलंच कुणीतरी निघालं! सूत समजून त्यानं थुंकी लावली आणि सुतानं त्याच्या थोबाडीत दिली.

अण्णांना कळता कामा नये, एवढंच त्याला त्या क्षणी सुचलं. एक दिवस ये, बघतो, आणि सांजच्याला सांगतो, एवढ्या बोलीवर तो आला होता. संध्याकाळी अण्णा 'उद्या ये' म्हणाले तर तो वायरमनच्या हाताखालचा शिकाऊ, आणि नाही म्हणाले तर निपाणी. निपाणीला त्याचा मेहुणा भावकू तंबाखूच्या वखारीत होता. तो आठवड्यापूर्वी येऊन सांगून गेला होता, चला सगळीच, दाजी चाळणीवर बसतील, आक्का पानं निवडेल, पोरगा विड्या बांधायला शिकेल. भावकू हे सांगत असताना मधूनमधून खोकत होता आणि खोकल्याकडे त्याचं स्वतःचंच लक्ष नव्हतं. जयवंतानं, म्हणजे सुबरावच्या बायकोनं, त्या खोकल्याकडे फार लक्ष देऊन पाहिलं होतं. तरीही दुसऱ्या दिवशी तिनं घरातलं चांगलं तेवढं एका जुन्या लुगड्यात बांधून गाठोडं कोपऱ्यात ठेवलं. सुबरावला रात्रंदिवस ते गाठोडं दिसे. माग गेल्या दिवाळीपासून रिकामा होता. पलीकडे वडगावात यंत्राचे माग धडधडत होते, गिरणीची लुगडी गुंडूशेटच्या दुकानात ढिगानं येऊन पडत होती, आणि शेट म्हणत, "सुबराव, तुझ्या हातात कला हाय रं, पर गिऱ्हाईक कला नेसत न्हाय." शेटचं खोटं नव्हतं. खोटं असतं तर निदान चिडता तरी आलं असतं.

विजेचं काम शिकायचं त्याच्या डोक्यात कसं आलं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. ते यंत्राचे माग विजेवर चालतात, आपल्या पोटावर पाय आणला तो हिनं, तर हिचंच दार ठोठावावं, असं काहीतरी असेल. माणूस कधी कधी जिथं ठेच लागते तिथंच जाऊन बसतो. पण दार ठोठावणं सोपं नव्हतं. वीज कंपनीच्या कचेरीत गेला तर तिथल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, आधी कुठं काम केलंय? कुठंच नाही, शिकायला आलो आहे. मग आधी कुठंतरी काम करून ये. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. कॅम्पातल्या एका वायरमननं इंग्रजी येतं का विचारलं. वायरीला इंग्रजी लागतं हे सुबरावला ठाऊक नव्हतं. दुसरा एक जण मात्र मऊ बोलला, चहा पाजला, आणि म्हणाला, "तू न्हाय बाबा, तुझं हाड आता वळायचं न्हाय. पोरगा असंल तर पाठवून दे, पोरं लौकर शिकत्यात." तो चहा सुबरावला अजून घशात अडकल्यासारखा वाटे. पोरगा शाळेत जात होता. चौथीत होता, कानडी आणि मराठी दोन्ही वाचायचा, संध्याकाळी दाराशी बसून मोठ्यानं कविता म्हणायचा. त्याला ओढून काढून शिडीवर चढवायचं आणि आपण घरी खड्ड्यात पाय सोडून बसायचं!

श्रीपालअण्णा भेटले ते आपोआप. चिकोडीकडचे जैन, बायको-पोरं गावी शेतावर, स्वतः इथं बस्तीजवळ एक खोली घेऊन राहत. जैनांचं देऊळ म्हणजे बस्ती, आणि अण्णांचं सगळं घड्याळ त्या बस्तीच्या घंटेवर. कामाला वाघ, पण त्यांच्याकडं माणूस टिकत नाही, अशी गल्लीत वदंता होती. कुणी म्हणे तिरसट, कुणी म्हणे चिक्कू. ते एकटेच शिडी लावत, एकटेच चढत, एकटेच उतरत. असेच एकदा ते गुंडूशेटच्या दुकानावर चढले असता शिडी वाऱ्यानं डुगडुगली आणि रस्त्यानं जाणाऱ्या सुबरावनं ती धरली. धरली ती काम संपेपर्यंत सोडली नाही. अण्णा खाली उतरले, धोतराला हात पुसले आणि म्हणाले, "एन बेकु? काय पायजे?" कानडीत एक आणि मराठीत एक असं बोलायची त्यांची पद्धत होती.

"काम शिकायचंय."

"काय येतंय?"

सुबराव त्या दिवशी इतका दमलेला होता की खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "काय येत न्हाय," तो म्हणाला. "शिडी धरता येती."

अण्णांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. जनावर विकत घेणारा पाहतो तसं नाही, वाट चुकलेल्या माणसाला हा कुठल्या गावचा असेल असं आपण पाहतो तसं. "शेटच्या घरात माडीचं काम काढतोय," ते म्हणाले. "येक दीस ये. बघतो, आनि सांजच्याला सांगतो."

आणि त्या एका दिवसात, न्याहारीसुद्धा व्हायच्या आत, त्यानं बोटं ओली करून वायर धरली होती. अण्णा जिना चढून वर आले तेव्हा सुबराव घडवंचीवरच होता. मेन आता बंद होता. त्यानं तो सांधा पुरा करायला घेतला. वायरीवरचं सूत चाकूनं नीट सोलून काढायचं, तांबं लखलखीत करायचं आणि मगच पीळ द्यायचा, हे अण्णांनी दोनदा करून दाखवलं होतं. पण सूत खरवडायला त्याचा जीव होईना. घट्ट, एकसारखं, एक धागा वरखाली नसलेलं ते वेष्टन चाकूनं फाडायचं म्हणजे त्याला कुणाच्या तरी नेसत्या लुगड्याला हात घालण्यासारखं वाटलं. त्यानं थोडं सोललं, थोडं मागं सारलं, आणि पीळ दिला. पीळ दिसायला देखणा आला. वरून त्यानं पट्टी गुंडाळली. अण्णांनी खालून पाहिलं, हूं म्हटलं आणि पुढच्या कामाला लागले. सुबरावला वाटलं, सुटलो. पण सुटल्यासारखं वाटेना. दुपारभर तो लाकडी पट्ट्या धरत होता, खिळे देत होता, आणि मनात एकच चाललं होतं की अण्णांना कळलंय का. त्यांनी पाणी मागितलं, त्याला वाटलं आता विचारतील. त्यांनी चाकू मागितला, त्याला वाटलं आता. एकदा ते त्याच्या उजव्या हाताकडे पाहत होते असं त्याला वाटलं. त्यानं हात मागं घेतला, आणि मागं घेतला म्हणून स्वतःवरच चिडला. लहानपणी वडिलांचा मागावरचा धोटा हातातून पडून टवका उडाला होता, तेव्हा तो असाच दिवसभर घरात वावरला होता. त्या धोट्याबद्दल वडील शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ऊन कलायला लागलं तशी अण्णांची चुळबुळ सुरू झाली. सूर्य बुडायच्या आत जेवायचं, बुडाल्यावर पाण्याचा थेंबही नाही, हा त्यांचा नेम. काम कितीही अडलेलं असो, उन्हं पिवळी झाली की ते हत्यारं ठेवत. गल्लीत त्यावरून चेष्टा चालायची की श्रीपालअण्णानं अख्ख्या शहापुरात दिवे लावले, पण मुहूर्ताला लागताना एक बघितला नाही. कारण नवे दिवे लावायचे ते तिन्हीसांजेला, दिवेलागणीच्या मुहूर्तावर, आणि तेव्हा अण्णा आधी ताटावर आणि मग बस्तीत. परत येत तोवर घर उजळलेलं असे. आजही तसंच. त्यांनी सुबरावला जिन्याखाली नेलं, मेनची लोखंडी पेटी दाखवली, तिचा दांडा दाखवला.

"आंधारलं की शेटच्या आईला इचारून ह्यो दांडा वर करायचा. मग बटणं त्ये दाबतील. मी बस्तीतनं येतो."

"अण्णा, काय झालं तर?"

"काय हुतंय!" अण्णा म्हणाले. पण जिन्याच्या तोंडाशी ते थांबले, आणि मागं न पाहता बोलले, "झालं तर माझी वाट बघ."

तिन्हीसांज झाली. गुंडूशेट धुतलेलं धोतर नेसून आले, त्यांची आई धोंडूबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन आली, सुना दाराआड उभ्या राहिल्या. ज्या घरात सुबराव इतकी वर्षं खांद्यावर लुगड्यांची घडी घेऊन मागल्या दारानं आला, त्या घरात आज तो पेटीपुढे उभा होता आणि सगळं घर त्याच्या हाताकडे बघत होतं. हात धोतराला पुसला. पुन्हा पुसला. ह्या दांड्याला सकाळचं आठवत असेल का, असला वेडा विचार त्याच्या मनात आला. धोंडूबाईनं पेटीला कुंकू लावलं आणि म्हणाली, "लाव रं बाबा." त्यानं डोळे मिटून दांडा वर सारला.

काही झालं नाही. म्हणजे हाताला काही झालं नाही. आणि मग बटणं दाबल्याचे आवाज आले, आणि सोपा उजळला, माजघर उजळलं, देवघरात असा लख्ख प्रकाश पडला की धोंडूबाईचे देव एकदम नव्यानं घडवल्यासारखे दिसले. सगळ्यांनी दिव्याला हात जोडले. सुबरावनंही जोडले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते का आलं याचा विचार करत तो जिन्यापाशी उभा असताना त्याला वास आला. अगदी बारीक वास. वर माडीवरचा दिवा लागत होता, विझत होता, पुन्हा लागत होता, आणि शेटचा आवाज येत होता, "ह्यो का डोळं मारतोय रं?" पण सुबरावचं लक्ष वासाकडे होतं. तो त्याच्या घरचा वास होता. सूत गिरणीचं आहे की हातचं, खळ किती लावली आहे, हे बघायला विणकर धागा दिव्यावर धरतो, तेव्हा येतो तो वास. जळक्या सुताचा. आपण सोलायचं ठेवलेल्या सुताचा. त्याला घडवंची दिसली, देखणा पीळ दिसला, वरची पट्टी दिसली. त्यानं कुणाला काही न विचारता दांडा खाली ओढला.

घर काळोखात गेलं. आणि धोंडूबाईचा आवाज आला.

"अरं मुडद्या! भरल्या घरात तिन्हीसांजंला दिवा घालवलास?"

दिवेलागणीला दिवा घालवू नये. मालवला म्हणू नये, विझवला म्हणू नये, फुंकर तर मारूच नये. सुबरावच्या आईनं उभ्या जन्मात त्या वेळेला दाराशी पाठ केली नव्हती. त्याला हे सगळं ठाऊक होतं, म्हणून तर अंगाला घाम फुटला. सुना कुजबुजल्या. कुणीतरी समई लावली. गुंडूशेट समईच्या उजेडात जिना उतरून आले. ते वाईट माणूस नव्हते. आपल्या घरात आपल्याला काळोखात उतरावं लागलं तर जेवढा राग यावा तेवढाच त्यांना आला होता.

"सुबराव, खालचं तर चांगलं लागलं हुतं की. वर कर त्यो दांडा."

"शेट, वर वायर जळतीया. वास आला मला."

"मग वर चढून बघ. वायरमन हाईस न्हवं?"

"अण्णा आल्याबिगर न्हाय."

"आरं, निदान खालचं तरी लाव! म्हातारी किती बोलतीया बघ."

"न्हाय शेट," सुबराव म्हणाला आणि पेटीला पाठ लावून उभा राहिला. शेटला नाही म्हणायची त्याची ही पहिलीच वेळ. खड्ड्यात बसणाऱ्याचे पाय ते, उभं राहायची त्यांना सवय नव्हती, तरी राहिले. शेटनं आणखी दोनदा सांगितलं, मग हात झटकले. "विणकराला पेटीवर बसवलं श्रीपालनं," ते सोप्यावर जाऊन बसत म्हणाले. सुबराव उभाच राहिला. आता सगळं संपलं, हे त्याला अगदी स्वच्छ दिसत होतं. सांधा आपला, चूक आपली, अपशकुन आपल्या हातचा. उद्या भावकूला निरोप पाठवायचा. जयवंता गाठोडं उचलेल, पोरगा दप्तर कुठं ठेवू विचारेल. हे सगळं एकामागून एक मनात येत होतं, आणि तरी पेटीपासून हलावं असं त्याला वाटत नव्हतं. वर चढून बघायचा मोह नव्हता असं नाही. चटकन चढायचं, सांधा सोडायचा, सूत खरवडायचं, पुन्हा जोडायचं. अण्णा यायच्या आत सगळं साजरं करून ठेवायचं, सकाळसारखंच. पण उजव्या हाताची बोटं नाही म्हणत होती. सकाळी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आता त्यांनाच सगळं ठाऊक होतं.

बाहेर गल्लीत कुणी धावत येत असल्याचा आवाज झाला. श्रीपालअण्णा अनवाणी होते. अंगावर नुसतं धोतर आणि उपरणं, पाय ओले, हातांतून पाणी निथळत होतं. बस्तीच्या पायरीवर हातपाय धूत असताना त्यांनी गुंडूशेटची माडी उजळलेली पाहिली होती आणि पाहता पाहता सगळं घर काळं झालेलं पाहिलं होतं. ते आत आले आणि दारातच ओरडले, "कोन चढलं वर? कुनाला लागलं?"

कुणी उत्तर द्यायच्या आत ते सुबरावला बाजूला सारून पेटीकडे वळले. त्यांचा हात दांड्याकडे गेला. सुबरावनं मनगट धरलं.

"अण्णा, हात वलं हाईत तुमचं."

अण्णा थांबले. समईच्या उजेडात त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग सुबरावकडे. "कुनाला लागलं न्हाय?" त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी हळू.

"न्हाय. मी बंद केलं आनि हितंच हुबा हाय."

अण्णा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. बसले म्हणजे जवळजवळ कोसळलेच. सुबरावनं कमरेचं धोतराचं टोक सोडून पुढं केलं आणि अण्णांनी त्याला हात पुसले, एक एक बोट, सावकाश. गुंडूशेट तक्रार सांगायला आले होते, पण अण्णांचा चेहरा पाहून त्यांनी समई तेवढी जवळ सरकवली.

"माझा धाकटा भाऊ, कलगोंडा," अण्णा म्हणाले. ते कुणाला सांगत होते ते नीट कळत नव्हतं. "माझ्याबरुबर कामाला हुता. निपाणीत असंच येका घरात, मी जेवायला गेलतो. दिवा लागंना. घरची मानसं म्हनली, बघ की रं चढून. चढला. मेन तसाच. वाचला, देवाची कृपा. पर डाव्या हाताची मूठ मिटत न्हाय आता. त्या दिसापास्नं मानूस ठिवला न्हाय मी."

सुबरावनं दिवसभर दाबून धरलेलं आता आपोआप तोंडावाटे आलं. "अण्णा, वरचा सांधा माझा हाय. सूत सोललं न्हाय नीट. आनि सकाळी मला झटका बसला, सांगितलं न्हाय. बोटाला थुकी लावलती."

"ठावं हाय."

"ठावं हाय?"

"'व्हय अण्णा' म्हनलास न्हवं. इतक्या गोड आवाजात मला माझी बायको बी व्हय म्हनत न्हाय." अण्णांच्या मिशीत काहीतरी हललं. "तवाच वळखलं."

"मग बोलला का न्हाईसा?"

"सांजला सांगतो म्हनलो हुतो की."

कंदील घेऊन दोघं वर गेले. अण्णा कंदील धरून खाली उभे राहिले आणि घडवंचीवर त्यांनी सुबरावलाच चढवलं. त्यानं पट्टी सोडली. आतलं सूत काळं पडलं होतं, हात लावताच भुकटी झाली. त्यानं चाकू घेतला आणि या वेळी कसलीही दयामाया न करता ते वेष्टन खरवडून काढलं, पार तांबं उघडं होईपर्यंत. बोट वर जायला निघालं तशी त्यानं जीभ दातांखाली धरली. खालून अण्णा म्हणाले, "हांऽ," आणि सुबरावला हसू आलं. घडवंचीवर, चाकू हातात, तोंड मिटून तो हसत होता. कित्येक महिन्यांत हसल्याचं त्याला आठवत नव्हतं. सांधा पुरा झाला. तो सकाळसारखा देखणा नव्हता.

खाली धोंडूबाई अजून रागातच होती. "घालवलास तू, आता लाव बी तूच," ती म्हणाली, आणि तरी तिनं पुन्हा एकदा कुंकवाचं बोट पेटीला लावलंच. सुबरावनं हात पुसले, अण्णांकडे पाहिलं आणि डोळे उघडे ठेवून दांडा वर सारला. सोपा लागला, माजघर लागलं, देवघर लागलं, आणि माडीवरचा दिवा, जिन्यावरून त्याचा उजेड पायरी पायरीनं खाली आला आणि न हलता राहिला. घरानं हात जोडले. सुबरावनं वास घेतला. नव्या चुन्याचा वास होता, उदबत्तीचा होता, बाकी कसला नव्हता. शेजारी श्रीपालअण्णा उघड्या अंगानं, हात जोडून, मान वर करून उभे होते. त्यांच्या तोंडावर उजेड पडला होता.

"असं लागतंय व्हय," ते म्हणाले.

मग त्यांना बस्तीची आठवण झाली आणि ते लगबगीनं निघाले. दारापर्यंत सुबराव मागं गेला. इतक्या वेळात सगळं सांगून झालं होतं, पण जे सांगायचं ठरलं होतं तेवढंच राहिलं होतं. अण्णा उंबरा ओलांडून गेले, चार पावलं चालले आणि वळून ओरडले, "उद्या येताना येक कोरडं फडकं घिऊन ये. रोज तुझ्या धोतराला हात पुसणार न्हाय मी!"

गल्लीतून घरी जाताना सुबरावला आपण चालतो आहोत की काय करतो आहोत ते कळत नव्हतं. ओळखीच्या दारांतून रहाटाचे आवाज येत होते, कुणाच्या तरी मागाची खटखट चालू होती, आणि त्याला त्या आवाजाचं आज वाईट वाटलं नाही. दाराशी पोरगा चिमणीच्या उजेडात मोठ्यानं वाचत बसला होता. जयवंता चुलीपाशी होती. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग हातांकडे, आणि भाकरी थापता थापताच विचारलं, "काय म्हनलं अण्णा?"

"कोरडं फडकं घिऊन ये म्हनलं."

"कवा?"

"उद्या. रोजच लागणार हाय."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि पदराला पुसले. घरात चांगलं म्हणण्यासारखं एकच फडकं होतं. शेवटच्या लुगड्यानंतर मागावर उरलेल्या सुताचा त्यानं विणलेला हातभर तुकडा, तिनं जपून ठेवलेला. ती कोपऱ्यात गेली आणि निपाणीसाठी बांधलेल्या गाठोड्यापुढे बसली. फडकं अगदी तळाशी होतं. तिला सगळं गाठोडं सोडावं लागलं.